सोनेरी बटाटा आणि बुडालेले लॉर्ड

गेल्या अंकात मुंबईतल्या रस्त्यांच्या जुन्या नावांवर लिहिताना मी ओघाओघात एक वाक्य टाकलं होतं, की भायखळ्याचा क्लेअर रोड ज्याच्या नावाने होता तो आयरिश लॉर्ड होता आणि त्याचा किताब कधीचाच बुडाला. बास, त्या एका वाक्यावर इतक्या मेल आल्यात की या वेळी बाकीचे प्रश्न (तो सोलर हीटरवाला पण, सॉरी काका) पुढे ढकललेत आणि अख्खं सदर आयरिश लॉर्डांना देऊन टाकलंय.

प्रश्न : किताब बुडाला म्हणजे नक्की काय झालं? आणि हा क्लेअर होता तरी कोण? आमचे आजोबा शेवटपर्यंत क्लेअर रोडच म्हणायचे, मिर्झा गालिब मार्ग त्यांच्या तोंडी कधी आलंच नाही.
— एक वाचक, भायखळा

आजोबा ज्याचं नाव घ्यायचे तो जॉन फिट्झगिबन, क्लेअरचा दुसरा अर्ल, १८३१ ते १८३५ मुंबईचा गव्हर्नर. हॅरोच्या शाळेत कवी बायरनचा जिवलग दोस्त होता, तेवढी एक गोष्ट सोडली तर माणूस तसा साधाच. खरा मसाला त्याच्या वडलांच्या गोष्टीत आहे. त्यांचंही नाव जॉनच, वकिली करून वर आलेले, आयर्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर (तिथल्या न्यायखात्याचे सर्वोच्च अधिकारी) झाले, लोक त्यांना ब्लॅक जॅक म्हणायचे आणि ते काही लाडाने नव्हे. १७८९ ला बॅरन, १७९३ ला व्हायकाउंट, १७९५ ला अर्ल, म्हणजे सहा वर्षांत तीन पायऱ्या, आपल्याकडे पक्ष बदलून सुद्धा एवढं लवकर होत नाही. आयर्लंडची स्वतःची पार्लमेंट बंद करून तिला लंडनच्या पार्लमेंटमध्ये विलीन करायचं जे ठरलं त्याचा सगळ्यात कडवा पुरस्कर्ता हाच. विलीनीकरण १ जानेवारी १८०१ ला झालं आणि हे गृहस्थ १८०२ च्या जानेवारीत वारले. डब्लिनच्या लोकांनी अंत्ययात्रेवर मेलेली मांजरं फेकली अशी गोष्ट अजून सांगतात.

आता किताबाचं बघा. थोरला मुलगा आपला मुंबईवाला, त्याला मूलबाळ नाही, तो १८५१ ला गेला. मग धाकटा भाऊ रिचर्ड तिसरा अर्ल झाला. त्याला मुली होत्या आणि मुलगा एकच, तो आठव्या हुसार्स पलटणीत लेफ्टनंट होता. २५ ऑक्टोबर १८५४, क्रायमियातलं बालाक्लाव्हा, लाइट ब्रिगेडचा तो प्रसिद्ध आंधळा हल्ला, त्यात हा पोरगा घोड्यावरून गेला तो परत आलाच नाही, मृतदेह पण मिळाला नाही. बाप १८६४ मध्ये वारला आणि अर्ल ऑफ क्लेअर हा किताब संपला. सनद मिळाल्यापासून एकोणसत्तर वर्षं, बस. मुली होत्या की, पण सनदेत मुली नव्हत्या.

जाता जाता एक, त्या दिवशी अख्ख्या घोडदळाचा कमांडर होता लॉर्ड लुकन, म्हणजे तो हल्ल्याचा हुकूम खाली पोचवणारा माणूस, आणि तोही आयरिश अर्लच. एका आयरिश अर्लच्या हातून पुढे गेलेल्या हुकुमाने दुसऱ्या आयरिश अर्लाचा वंश बुडाला. लुकनचं घराणं अजून आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

लिमरिक शहरात एका पुलावर त्या मुलाचा ब्राँझचा पुतळा उभा केला होता, तो १९३० साली आयआरएवाल्यांनी (ब्रिटिशांविरुद्ध लढणारी आयरिश सशस्त्र संघटना) बॉम्बने उडवला.

प्रश्न : लॉर्ड तर इंग्लंडचे असतात ना? आयरिश लॉर्ड हे वेगळं काय प्रकरण? आणि किताब "तयार" कसा करतात, फॅक्टरी असते का :)
— एक वाचिका, डोंबिवली

हसू नका ताई, अठराव्या शतकात जवळपास फॅक्टरीच होती.

किताब सनदेतून जन्माला येतो. राजाच्या मोठ्या शिक्क्याचा कागद, त्यात लिहिलेलं असतं की अमक्याला तमक्या ठिकाणचा बॅरन किंवा व्हायकाउंट किंवा अर्ल किंवा मार्क्विस किंवा ड्यूक केलं (खालून वर अशाच पाच पायऱ्या), आणि त्याच्या मागे हा कोणाकडे जाणार. हे शेवटचं कलम म्हणजे किताबाची कुंडलीच, मरण कधी येणार ते त्यातच लिहिलेलं. बहुतेक सनदांमध्ये एकच ठरीव वाक्य असतं, की याच्या पोटचे, औरस, पुरुष वारस. म्हणजे ज्याला किताब पहिल्यांदा मिळाला त्याच्यापासून मुलगा, त्याचा मुलगा, असं बापाच्या बाजूने मोजत यायचं. शेवटचा लॉर्ड निपुत्रिक गेला तरी किताब लगेच मरत नाही, मागे मागे जाऊन पहिल्या धन्याच्या एखाद्या धाकट्या पोराची शाखा कुठे जिवंत असेल तर तिथे उडी मारतो. आणि पहिल्या धन्याची एकही पुरुष शाखा उरली नाही की किताब बुडाला. सनद जुनी असेल तर फांद्या जास्त, नवीन असेल तर एखाददुसरी, म्हणून नवे किताब पटापट मरतात आणि १३१६ चा किल्डेअरचा अर्ल अजून टिकून आहे (तेच लोक १७६६ पासून लेन्स्टरचे ड्यूक).

आता आयरिश का वेगळे. इंग्लंडचे वेगळे, स्कॉटलंडचे वेगळे, आयर्लंडचे वेगळे, मग १७०७ नंतर ग्रेट ब्रिटनचे आणि १८०१ नंतर युनायटेड किंगडमचे अशा पाच वह्या आहेत. आयर्लंडच्या वहीत नाव म्हणजे डब्लिनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये खुर्ची, लंडनच्या नाही. सुरुवातीला, म्हणजे आठव्या हेन्रीने १५४० च्या दशकात स्वतःला आयर्लंडचा राजा म्हणवून घेतल्यावर, तिथल्या जुन्या गेलिक सरदारांना सांगितलं गेलं की आपली जमीन राजाच्या पायाशी ठेवा आणि तीच परत राजाकडून सनदेने घ्या, वर इंग्रजी पद्धतीचा किताब. कॉन ओनील १५४२ ला टिरोनचा अर्ल झाला तो असाच. आपल्याच वाडवडलांचं वतन दुसऱ्याच्या शिक्क्याने परत घ्यायचं, हे आपल्या इतिहासात वाचलेल्यांना नवीन नाही. त्याचा नातू ह्यू ओनील इंग्रजांशी लढला, हरला आणि १६०७ मध्ये डोनेगलच्या किनाऱ्यावरून जहाजात बसून कायमचा युरोपात निघून गेला, आणि किताब जप्त. हा किताब मरायचा दुसरा रस्ता, वारस असतो पण राजद्रोहाने सगळं खालसा.

पुढे अठराव्या शतकात लंडनच्या मंत्र्यांच्या लक्षात आलं की आयरिश किताब ही फार स्वस्त चिल्लर आहे. माणूस लॉर्ड झाल्याच्या आनंदात, आणि लंडनच्या लॉर्ड्समध्ये एक खुर्ची पण वाढवावी लागत नाही. मग काय, आयर्लंडशी काडीचा संबंध नसलेले लोक आयरिश लॉर्ड. पहिल्या जॉर्ज राजाने आपल्या जर्मन प्रेयसीला मेल्युझिनाला १७१६ मध्ये मन्स्टरची डचेस केलं, तिच्या हयातीपुरतं. आणि आपला रॉबर्ट क्लाइव्ह! प्लासीच्या लुटीनंतर त्याला १७६२ ला बॅरन केलं ते आयर्लंडच्या वहीत, त्याला खरं इंग्लंडचा किताब हवा होता. किताबात आयर्लंडमधलं ठिकाण हवं म्हणून "प्लासीचा बॅरन क्लाइव्ह, काउंटी क्लेअर". आता काउंटी क्लेअरमध्ये प्लासी कुठून आली? त्याने लिमरिकजवळ जमीन घेऊन तिलाच प्लासी नाव दिलं. बंगालातलं पलाशी गाव शॅनन नदीकाठी जाऊन बसलं ते अजून आहे, लिमरिक युनिव्हर्सिटीचा कॅम्पस त्याच प्लासीत आहे. शिकायला गेलेल्या आपल्या पोरांनी पत्त्यात प्लासी वाचून डोळे चोळले असतील.

प्रश्न : आमचं गाव असईपासून जवळ. लहानपणापासून वेलस्लीच्या लढाईच्या गोष्टी ऐकल्या. त्याचा मोठा भाऊ गव्हर्नर जनरल होता तो पण आयरिश लॉर्ड का? त्याचं पुढे काय झालं?
— एक शिक्षक, जालना जिल्हा

सर, तुमच्या प्रश्नाची मी वाटच बघत होतो.

असईला २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तो धाकटा भाऊ आर्थर, पुढे वेलिंग्टनचा ड्यूक. मोठा रिचर्ड वेलस्ली, १७९८ ते १८०५ गव्हर्नर जनरल, वसईचा तह करून दुसऱ्या बाजीरावाला फौजेच्या खर्चात बांधून घेणारा. हा जन्मानेच आयरिश लॉर्ड, मॉर्निंग्टनचा दुसरा अर्ल. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू गेला, आणि या गृहस्थाला वाटलं की आता इंग्लंडचा तगडा किताब येणार, गार्टरचा पट्टा (इंग्लंडचा सगळ्यात मानाचा सन्मान) पण येईल. आलं काय, तर मार्क्विस वेलस्ली, आयर्लंडच्या वहीत! एवढा भडकला की त्या किताबाला त्याने नाव ठेवलं, दुहेरी सोन्याचा मुलामा दिलेला बटाटा. बटाटा म्हणजे आयर्लंड, वरून कितीही सोनं चढवा. अपमान इतका मनाला लागला की आजारी पडला. इकडे हैदराबाद, म्हैसूर, पुणे पटावरून हलवणारा माणूस तिकडे एका बटाट्यावरून अंथरूण धरतो, मला हे वाचून दर वेळी बरं वाटतं, लपवत नाही.

आता बटाट्याचं पुढे काय. रिचर्डला फ्रेंच प्रेयसीपासून, हायसिंथ रोलांपासून, पाच मुलं झाली आणि मग १७९४ मध्ये त्यांनी लग्न केलं. लग्नानंतर मूल नाही. तिकडच्या कायद्यात नंतर लग्न केलं म्हणून आधीची मुलं औरस होत नव्हती, आणि १९२६ साली कायदा बदलून ती औरस मानायला लागले तेव्हा पण किताब त्यातून मुद्दाम वगळले. १८२५ ला दुसरं लग्न केलं, त्यातून पण काही नाही. १८४२ मध्ये तो वारला आणि मार्क्विस वेलस्ली खलास, एकाच पिढीचा किताब. पण मॉर्निंग्टनचा अर्ल मात्र नाही मेला, कारण ती सनद त्याच्या वडलांची, १७६० ची, मग भाऊ विल्यमकडे, त्याच्या मुलाकडे, नातवाकडे असं करत १८६३ मध्ये ती शाखा आटल्यावर असईवाल्या आर्थरच्या मुलाकडे, म्हणजे वेलिंग्टनच्या ड्यूककडे गेली आणि आजही तिथेच आहे. एकाच माणसाचे दोन किताब, एक मेला एक जगला, सगळा खेळ कोणाच्या नावाने सनद निघाली त्याचा.

अजून एक गंमत. त्या अनौरस मुलांपैकी अ‍ॅनचं लग्न झालं चार्ल्स बेंटिंकशी (आपला सतीबंदीवाला लॉर्ड विल्यम बेंटिंक याचा भाऊ), आणि तिची पणती म्हणजे राणी एलिझाबेथची आई. किताब ज्या रक्ताला नाकारला तेच आज इंग्लंडच्या गादीवर आहे.

प्रश्न : मुलगा नसेल तर दत्तक घ्यायचा ना सरळ. एवढा साधा उपाय त्यांना सुचला नाही?
— एक वाचक, सातारा

साताऱ्याहूनच हा प्रश्न यावा! सुचलं असेल हो, पण चालत नाही. दत्तक मुलाला आजही या किताबाचा वारसा नाही, औरस आणि रक्ताचा पाहिजे. इच्छापत्र करून देता येत नाही, विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही. नुसत्या सनदेतल्या ओळीचा हुकूम.

आणि तुमच्या मनात जे आहे ते मी पण बोलतो. १८४८ ला अप्पासाहेब महाराजांचा दत्तक नामंजूर करून सातारा खालसा करणारा डलहौसी, मग नागपूर, झाशी, त्याचं स्वतःचं घर बघा. हा आयरिश नव्हे, स्कॉटलंडचा दहावा अर्ल, १८४९ ला त्याला युनायटेड किंगडमचा मार्क्विस केलं. पदरी दोन मुलीच. १८६० मध्ये वारला आणि मार्क्विसचा किताब जागच्या जागी खालसा, अर्लपद चुलत घराण्यात गेलं. ज्या नियमाने दुसऱ्यांची राज्यं घेतली त्याच नियमाने घरचा किताब गेला. लंडनमध्ये कोणाला त्याचं काही वाटलं नसेल, साताऱ्यात मात्र पेढे वाटायला हरकत नव्हती.

प्रश्न : मुलींना कधीच मिळत नाही का?
— एक वाचिका, नाशिक

मिळतो, सनदेत तसं लिहिलं असेल तर. स्कॉटलंडच्या बऱ्याच जुन्या किताबांना आणि इंग्लंडच्या काही जुन्या बॅरनींना मुली चालतात. आयर्लंडच्या वहीत मात्र जवळपास सगळा पुरुषांचाच कारभार. उदाहरण एकच देतो पण ते झणझणीत आहे.

पेशवाई बुडवणारा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज, तो भारतात आला तेव्हा मोइराचा अर्ल होता, आयरिश किताब. १८१७ मध्ये मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज झाला. त्याचा नातू हॅरी, चौथा मार्क्विस, पैसा भरपूर आणि डोकं रेसकोर्सवर. याने १८६४ मध्ये हेन्री चॅप्लिन नावाच्या माणसाची वाग्दत्त वधू पळवून नेली. चॅप्लिन काही बोलला नाही, त्याने घोडा पाळला. हर्मिट त्याचं नाव. १८६७ च्या डर्बीत हॅरीने हर्मिट हरणार म्हणून वेड्यासारखा पैसा लावला आणि हर्मिट जिंकला, एका रेसमध्ये एक लाख वीस हजार पौंड गेले, त्या काळातले! पुढच्या वर्षी हॅरी वारला, वय सव्वीस, मूल नाही. हेस्टिंग्जचं मार्क्विसपद बुडालं, मोइराचं आयरिश अर्लपद बुडालं, आणि त्याच दिवशी त्याचा लाउडनचा स्कॉटिश अर्लचा किताब आरामात बहिणीकडे, एडिथकडे गेला. कारण तिथे मुली चालतात.

प्रश्न : विलीनीकरणानंतर नवीन आयरिश किताब देणं बंद झालं का? शेवटचा कोणाला मिळाला?
— स्पर्धा परीक्षेचा एक विद्यार्थी, पुणे

परीक्षेत येणार नाही बाबा, पण उत्तर मस्त आहे.

विलीनीकरणाला डब्लिनच्या पार्लमेंटची मंजुरी हवी होती, आणि ती मिळवायला किताब लाडवासारखे वाटले, नवे बॅरन, जुन्यांना बढत्या. वाटपाचं काम आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे राजाचा तिथला प्रतिनिधी, म्हणून कोणाकडे, तर आपल्या कायमधाऱ्यावाल्या कॉर्नवॉलिसकडे, आणि त्याने खासगी पत्रात लिहून ठेवलंय की या घाणेरड्या कामाची मला किळस येते. किळस आली तरी काम केलं हो. मग विलीनीकरणाच्या चौथ्या कलमात ठरलं की सगळ्या आयरिश लॉर्डांना लंडनमध्ये खुर्ची नाही, त्यांनी आपसात मतदान करून अठ्ठावीस जण निवडायचे, ते तहहयात. उरलेल्यांपैकी कोणाला हवं तर त्याने ब्रिटनमधल्या मतदारसंघातून हाऊस ऑफ कॉमन्सला उभं राहावं. हे म्हणजे नुकसानीतला नफा. इंग्लंडचा लॉर्ड तेव्हा कॉमन्समध्ये बसू शकत नव्हता, आयरिश बसू शकायचा! लॉर्ड पामरस्टन दोनदा पंतप्रधान झाला तो कॉमन्समध्ये बसून, तिसरा व्हायकाउंट पामरस्टन, आयरिश वहीतला. तो १८६५ ला निपुत्रिक गेला, किताब बुडाला.

आणि त्याच कलमात जन्म-मृत्यूचा हिशोब पण होता. तीन आयरिश किताब बुडाले की राजाने एक नवीन करायचा, असं करत करत आकडा शंभरावर आला की मग शंभर टिकवायचे (ज्यांना लंडनचा दुसरा किताब होता ते यात धरायचे नाहीत). किताब बुडाला कधी म्हणायचं, तर मागचा लॉर्ड मेल्यापासून वर्षभरात कोणी दावा लावला नाही तर. म्हणजे नवा लॉर्ड करायचा असेल तर मंत्री लोक आधी तीन निपुत्रिक मयतांची नावं शोधून कागदावर मांडायचे. कोणाच्या तरी निर्वंशावर कोणाचा तरी सत्कार, तीनास एक भावाने.

१८६८ नंतर हे दुकान बंदच पडलं होतं, तीस वर्षं काही नाही. मग १८९८ मध्ये एकदाच उघडलं, जॉर्ज कर्झनसाठी. हो, बंगालची फाळणीवाला. व्हाइसरॉय म्हणून भारतात येताना लॉर्ड तर पाहिजे, पण वय एकोणचाळीस, परत गेल्यावर कॉमन्समध्ये बसून पंतप्रधान व्हायचं स्वप्न. मग आयरिश किताब घेतला, दार उघडं ठेवायला. केडलस्टनचा बॅरन कर्झन. केडलस्टन इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये आहे, क्लाइव्हने निदान जमीन तरी घेतली होती, याने तेवढंही नाही केलं.

पुढे झालं काय की तो कॉमन्समध्ये परत गेलाच नाही, १९०८ मध्ये त्या अठ्ठावीसांपैकी एक म्हणून लॉर्ड्समध्ये शिरला, मग अर्ल झाला, मार्क्विस झाला. आणि १९२३ मध्ये पंतप्रधानपद अगदी तोंडाशी आलेलं असताना ते कॉमन्समधल्या बॉल्डविनला मिळालं, आता पंतप्रधान लॉर्ड्समध्ये बसून चालत नाही हे त्यातलं मोठं कारण. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या भीतीने त्याने तो आयरिश किताब मागून घेतला, नेमकं तेच झालं. त्याला तीन मुली. १९२५ मध्ये वारला आणि आयरिश वहीतला शेवटचा किताब पहिल्याच धन्याबरोबर गेला. मात्र १९११ चे किताब घेताना त्याने सनदेत खास कलमं घालून घेतली होती, त्यामुळे एक किताब थोरल्या मुलीला आणि एक पुतण्याला मिळाला. एकदा शहाणपण आलं म्हणायचं.

प्रश्न : पुण्यात पेशव्यांना भेटायला आलेला लॉर्ड व्हॅलेंशिया म्हणून एकाचा उल्लेख वाचला. हा कोण?
— एक वाचक, सदाशिव पेठ

जॉर्ज अ‍ॅन्स्ली. १८०२ ते १८०६ स्वखर्चाने भारत, तांबडा समुद्र, इजिप्त फिरला, सोबत हेन्री सॉल्ट नावाचा चित्रकार, पुण्यात दुसऱ्या बाजीरावाला भेटला. पण त्याच्या घराण्याची गोष्ट त्याच्या प्रवासापेक्षा भारी आहे.

याचे आजोबा रिचर्ड अ‍ॅन्स्ली. मोठा भाऊ १७२७ मध्ये मेल्यावर किताब भावाच्या मुलाला, जेम्सला, जायला हवा होता. पोरगा बारा-तेरा वर्षांचा, डब्लिनच्या रस्त्यावर वाढत होता, कारण बापानेच घराबाहेर काढलेलं. काकाने १७२८ मध्ये त्याला उचलला आणि जहाजात घालून अमेरिकेत वेठबिगार म्हणून पाठवून दिला. वरून पोरगा अनौरस म्हणून किताब स्वतःकडे. बारा वर्षांनी जेम्स सुटून परत आला, १७४३ मध्ये डब्लिनला खटला झाला, ज्यूरीने त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि तरी काकाने अपिलं लावून लावून वेळ काढला. जेम्स १७६० ला वारला, किताब कधीच नाही मिळाला. काका पुढच्या वर्षी गेला. (भाऊबंदकी म्हणजे फक्त आपल्याकडेच असं वाटत असेल तर हे नाव लिहून ठेवा.)

आणि मग नियतीने, नियतीने म्हणा नाहीतर काकाच्या लग्नांच्या घोळाने म्हणा, सूड घेतला. काकाचा मुलगा आर्थर, त्याच्याबद्दल प्रश्न आला की बापाचं त्याच्या आईशी लग्न वेळेत झालं होतं का. आयर्लंडच्या लॉर्ड्सनी सांगितलं झालं होतं, हा औरस, व्हायकाउंट व्हॅलेंशिया म्हणून बसा. इंग्लंडच्या लॉर्ड्सनी १७७१ मध्ये सांगितलं सिद्ध होत नाही, आणि घरातला अँगलसीच्या अर्लचा इंग्लिश किताब बुडाला. म्हणजे एकच माणूस डब्लिनला औरस आणि लंडनला अनौरस, मध्ये फक्त समुद्र. पुण्याला आला तो याच आर्थरचा मुलगा. आर्थरला नंतर १७९३ मध्ये माउंटनॉरिसचा अर्ल केलं, तो किताब १८४४ मध्ये जॉर्जबरोबर बुडाला, पण व्हॅलेंशियाची सनद जुनी, १६२२ ची, ती लांबच्या चुलत शाखेत गेली आणि अजून चालू आहे.

प्रश्न : मी डब्लिनला आयटीत आहे. इथे सगळीकडे लॉर्डांचे जुने वाडे दिसतात पण लॉर्ड दिसत नाहीत. आता कायद्याने काय स्थिती आहे? आणि "निद्रिस्त किताब" असं एका पाटीवर वाचलं ते काय?
— एक वाचक, डब्लिन

लॉर्ड आहेत, बरेच आहेत, फक्त तिथला देश त्यांना किताब म्हणून काही मोजत नाही. १९३७ च्या आयरिश राज्यघटनेत कलम ४० मध्ये लिहिलंय की राज्य सरदारकीचे किताब देणार नाही आणि नागरिकाने सरकारच्या परवानगीशिवाय घ्यायचे नाहीत. आपल्या घटनेतलं कलम १८ वाचा, सख्खी बहीण वाटेल.

लंडनच्या बाजूने ते हळूहळू विरले. १९२२ मध्ये आयर्लंड वेगळं झाल्यावर अठ्ठावीसांची निवडणूक घेणारा लॉर्ड चॅन्सेलर ऑफ आयर्लंडच उरला नाही, शेवटची निवड १९१९ ची. निवडलेले तहहयात असल्यामुळे बसून राहिले, एकेक गळत गेला, शेवटचा किलमोरीचा अर्ल १९६१ मध्ये गेला. मग अँट्रिमचा अर्ल आणि काही जणांनी अर्ज केला की आमचा हक्क अजून आहे, तर १९६६ मध्ये उत्तर मिळालं की ज्या आयर्लंडतर्फे तुम्ही बसणार होतात ते आयर्लंडच आता नाही. किताब जिवंत, पण ज्या देशाचा तो देशच कागदावरून गेला.

निद्रिस्त म्हणजे बुडाला असंही सिद्ध नाही आणि वारस पण सिद्ध नाही. तुम्ही किलकेनीचा किल्ला पाहिलाच असेल, तो बटलर घराण्याचा. १३२८ पासून ऑर्मंडचे अर्ल, पुढे मार्क्विस. सहाव्या मार्क्विसने १९६७ मध्ये किल्ला गावाला विकला, किंमत पन्नास पौंड. सातवा अमेरिकेत शिकागोकडे राहायचा, त्याला दोन मुली, तो १९९७ ला वारला. मार्क्विसपद तिथेच बुडालं कारण ते नवं, एकोणिसाव्या शतकातलं. पण १३२८ ची अर्लपदाची शाखा एवढी पसरलेली की कुठेतरी पुरुष वारस असणारच, बटलरांचंच दुसरं घराणं, माउंटगॅरटचे व्हायकाउंट, त्यांच्याकडे लोक बोट दाखवतात, पण साडेसहाशे वर्षांची वंशावळ पुराव्यानिशी मांडून अजून कोणी हक्क सिद्ध केला नाही. म्हणून तो किताब झोपलाय.

लुकनचं सांगतो म्हटलं होतं. बालाक्लाव्हावाल्याचा वंशज, सातवा अर्ल, १९७४ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये घरातल्या आयाचा खून झाला त्या रात्रीपासून गायब. मेला की नाही माहीत नाही, मग मुलगा अर्ल कसा होणार? बेचाळीस वर्षं थांबला, २०१६ मध्ये कोर्टाने मृत्यूचा दाखला दिला तेव्हा आठवा अर्ल झाला. किताबाला पण डेथ सर्टिफिकेट लागतं बघा, तलाठ्याकडे वारसनोंद करताना लागतं तसंच.

आणि डब्लिनलाच आहात तर कॉलेज ग्रीनवर बँक ऑफ आयर्लंडची मोठी खांबांची इमारत आहे ना, तीच जुनी पार्लमेंट. विलीनीकरणानंतर बँकेने विकत घेतली, पण लॉर्ड्सची खोली आत तशीच ठेवलीये, भिंतीवर लढायांचे दोन मोठे विणलेले पडदे पण आहेत. ब्लॅक जॅक फिट्झगिबन त्याच खोलीत बसून आपलं सभागृह बंद करायची भाषणं ठोकायचा. आत जाता आलं तर फोटो पाठवा, पुढच्या अंकात सोलर हीटरच्या शेजारी छापतो.